विद्यापीठाच्या कबड्डीगृहाचा सारवलेला इतिहास

विद्यापीठाचं नवं कबड्डीगृह उद्घाटनाच्या सकाळीच शेणाने सारवलं गेलं आणि त्यासाठी लागणारं माप मी पुरवलं होतं.

गंजाडच्या रस्त्याला लागून असलेली ही जागा म्हणजे आमचं भाताचं खळं. वडिलांनी ती कॉलेजला दिली. खळ्याचं मैदान झालं, मैदानावर पोरी मातीत कबड्डी खेळू लागल्या आणि शेवटी विद्यापीठाने तिथे पत्र्याचं उंच छप्पर आणि आत निळी रबरी मॅट असं क्रीडागृह बांधलं. उद्घाटनाला या जागेचा इतिहास सांगायचं काम प्राचार्यांनी माझ्यावर सोपवलं. मी मोजणी खात्यातला माणूस. (इतिहास म्हटला की लोकांना राजे आठवतात, मला लांबी-रुंदी.) खळ्याच्या मधला तिवडा, म्हणजे मळणीचे बैल ज्याभोवती फिरत तो खांब, नेमका कुठे होता, हे मी टेप लावून शोधलं. तो मॅटच्या मध्यरेषेपासून वीतभर डावीकडे निघाला. या वाक्याला टाळ्या पडणार याबद्दल मला शंका नव्हती!

पण त्या दिवशी खरी परीक्षा होती माझ्या मुलीची, चारूची. उद्घाटनाचा सामना मुंबईच्या एका कॉलेजशी होता आणि तो पाहून निवड समितीच्या बाई विद्यापीठाच्या संघासाठी मुली निवडणार होत्या. चारूचं कॉलेजचं शेवटचं वर्ष. यंदा नाही तर कधीच नाही.

भाषणाला साक्षीदार हवा म्हणून मी भानूआत्याला बोलावलं. तरुणपणी ते खळं तीच सारवायची. तिला आणि तिच्या दोन मैत्रिणींना सकाळीच हॉलमध्ये बसवलं, ही घरचीच माणसं आहेत असं शिपाई मगनभाईंना सांगितलं आणि पाहुण्यांना आणायला डहाणू स्टेशनकडे निघालो.

वाटेत आत्याचा फोन आला. जमिनीवर पावलं उठलीत, जरा नीट करून घेते म्हणाली. कर की, म्हटलं. मग तिने विचारलं, "वसंता, जागा केवढी रे ही?"

मला माप विचारणारी माणसं जगात फार थोडी आहेत. मी गाडी बाजूला घेतली.

"बारा मीटर लांब, आठ मीटर रुंद. बाहेरची पट्टी धरायची की सोडायची?"

"धर."

मी धरली. (आणि पुन्हा एकदा फोन करून आकडा बरोबर असल्याची खात्रीही करून दिली.)

आमच्याकडे न सारवलेल्या जमिनीवर शुभ काही उतरत नाही. नवं भात नाही की लग्नाचा मांडव नाही. हे मला लहानपणापासून ठाऊक होतं. रबरालाही ते लागू आहे, एवढंच ठाऊक नव्हतं.

पाहुण्यांना घेऊन मी दार उघडलं. निळा रंग औषधालाही शिल्लक नव्हता. माझ्या आकड्यावर विसंबून तिघींनी शेण असं कालवलं होतं की कुठे कमी पडलं नाही आणि ओंजळभर उरलंही नाही. मधोमध, तिवड्याच्या जागी, हळदकुंकू.

"मोटाभाई, मी अडवलं त्यांना," मगनभाई म्हणाले. "बोलल्या, वसंतानेच माप दिलंय."

प्राचार्य बराच वेळ छपराकडे बघत राहिले. तेवढंच स्वच्छ होतं. मुंबईच्या कोचबाईंनी नाकाला रुमाल लावला. निवड समितीच्या बाईंनी घड्याळ पाहिलं. त्यांना दुपारी निघायचं होतं आणि सामना झाला नाही तर इथल्या मुलींना सोडून यादी करावी लागेल, असं त्या शांतपणे म्हणाल्या.

चारू माझ्याजवळ आली. ती ओरडली असती तर बरं वाटलं असतं.

"बाबा, तुम्ही माप का दिलंत?"

"विचारलं म्हणून."

आत्याला हा सगळा गोंधळ कशाचा तेच कळेना. "सुकायला संध्याकाळ होईल," ती म्हणाली. "तोवर मागच्या मातीत खेळा की गो. आतापर्यंत कुठे खेळत होता?"

निवड समितीच्या बाईंनी मान डोलावली. लगेच मागच्या अंगणात चुन्याच्या फक्कीने रेषा मारायला घेतल्या. मी टेप काढून पुढे झालो, तेव्हा यांना कुणीही काहीही विचारू नये, असं प्राचार्यांनी सगळ्यांना बजावलं.

मुंबईच्या मुली मॅटवर घडलेल्या. मातीत त्यांचे बूट घसरत. आमच्या पोरी अनवाणी. चारूने एका चढाईत तिघींना बाद केलं म्हणे, आणि एकदा तर धुळीच्या लोटातून नुसता तिचा हातच रेषेला टेकलेला दिसला म्हणे.

चारूची निवड झाली. निघताना निवड समितीच्या बाईंनी तिला विचारलं, तुझा खेळ पाहून वडील काय म्हणाले?

"त्यांनी पाहिलाच नाही," ती म्हणाली.

खरं आहे. सामनाभर मी मॅट धूत होतो. ती मॅट अखंड नसते, एकात एक अडकवलेले तुकडे असतात. एकेक उचकटायचा, नळाखाली धरायचा, खाचा ब्रशने घासायच्या, परत जोडायचा. सामना किती गुणांनी जिंकला ते मला विचारू नका. तुकडे विचारा, खाचांसकट सांगतो.