हबावरचं कुंकू

साक्रीकडच्या डोंगराळ गावांत फिरणाऱ्या आमच्या आरोग्यसेविकांना संस्थेच्या सामायिक सायकली होत्या. चढावर गियर हवाच, पण उघडा गियर वर्षभरही टिकत नसे. सगळ्यांच्या सायकलीला तेल घालणार कोण? त्यात दसऱ्याला बायका गियरलाच कुंकू फासायच्या, झेंडूची माळ घालायच्या आणि तिचा दोरा साखळीत गुंतायचा. दरवर्षी मी ओरडायचे, दरवर्षी त्या हसायच्या.

नव्या सायकली मला निवडायच्या होत्या, तेव्हा माझा नवरा जाऊन महिना झाला होता. धुळ्याच्या मिस्त्रीनं मागच्या चाकाच्या हबात, म्हणजे मधल्या तुंब्यात, बंद असलेला तीन गियरचा प्रकार दाखवला. म्हणाला, "अक्का, याले वरीसभर कोनी देखं नही तरी चालस." मी दुसरं काही विचारलं नाही. तोच घेतला.

दसऱ्याला बायकांनी सायकली धुतल्या आणि हबांवर कुंकू लावलं. आत कणही गेला नाही. मग त्या एकमेकींना हळदकुंकू लावू लागल्या. ताट माझ्या शेजारणीपाशी थांबलं आणि माझ्यापुढून न थांबता पुढे गेलं. या वेळी मी ओरडले नाही. मला काही वाटलंच नाही. मी वाकून जवळच्या सायकलीचं चाक फिरवलं आणि गियर बदलून पाहिला. आवाजसुद्धा झाला नाही.