रडू नये म्हणून दिलेली गोळी

अन्याय झाला तो आठ महिन्यांच्या एका पोरीवर आणि तिच्या आईवर. कार्तिक वद्य पंचमीला, दिवस कासराभर वर आला असताना. गाव डोंगरकडा नावाच्या गावाच्या अलीकडचं, कापसाची दुसरी वेचणी चालू होती. अन्याय करणारे पुष्कळ होते आणि त्यांत मी होतो, हे आधीच सांगून टाकतो.

तेव्हा अमल निजामाचा होता आणि मी एकोणीस वर्षांचा. नांदेडला शिकून आलो होतो, पिशवीत पत्रकं होती. आमच्या भागात वेचणीला जाणारी बाई तान्ह्या लेकराला सकाळी मोहरीएवढी अफू चाटवायची, झोळीत घालायची आणि दिवसभर रानात जायची. घरोघर हीच चाल. त्या अफूला बाळगोळी म्हणत, जणू गुळाचा खडाच. मी पत्रकाला 'माता की वैरीण?' असा मथळा दिला आणि कळमनुरीच्या बाजारात ते मोठ्यानं वाचून दाखवलं. ज्यांच्यासाठी लिहिलं त्यांतल्या एकीलाही अक्षर येत नव्हतं, म्हणून वाचावं लागलं. मग एक जण म्हणाली, "मास्तर, मंग लेकरू तुमी सांभाळता काय? दूध येतंय काय तुमाला?"

सगळा बाजार हसला. मी चिडलो, आणि चिडूनच चावडीमागची पडवी मागून घेतली. आया रानात जातील तेव्हा लेकरं इथं राहतील असं ठरवलं. सांभाळायला एक धनगराची म्हातारी मिळाली. तिचे लेक मेंढरं घेऊन दूर गेले होते. कोकरं वाढवली, लेकरं काय जड, एवढंच ती म्हणाली. गावाला मात्र सगळंच जड. कुणाची झोळी कुणाच्या झोळीला लागू नये, पाणी कुणाच्या घागरीतलं, म्हातारीनं कुणाला आधी उचलायचं, यातच आठ दिवस गेले. लेकराला अफू चालते, शेजारची झोळी चालत नाही! डोकं आपटून घ्यावं असे दिवस होते ते.

शेवटी पंचमीला अकरा लेकरं आली. अकरा झोळ्या टांगल्या आणि एकही रडलं नाही. मी पडवीत येरझारा घालत होतो. बाजारात हसलेल्या बायांना बोलावून हे दाखवावं असं मनात येत होतं. म्हातारी मात्र एकेका झोळीत वाकून बघत होती. बऱ्याच वेळानं तिनं मला जवळ बोलावलं.

"मास्तर, भुकेलं कोकरू सारा कळप उठवतंय. हितं अकरा लेकरं अन् एकाचाबी आवाज न्हाई. ही निजली न्हाईत. घरूनच चाटवून आणलीत."

खरंच तसं होतं. लोकाच्या दारात आपलं लेकरू रडलं तर बरं दिसत नाही, परक्या म्हातारीला तकलीफ नको, म्हणून आयांनी भिडेपोटी गोळी देऊन आणली होती. काहींनी नेहमीपेक्षा थोडी जास्त दिली होती. पाहुण्याला साखर जास्त घालावी तशी. अफू थांबवायला काढलेल्या जागेनं अफू वाढवली होती.

त्यातली एक पोरगी हलवली तरी हलेना. ओठ काळसर पडलेले, श्वास मध्येच थांबून पुन्हा लागायचा. म्हातारीनं तिला उचललं, तोंडावर ओलं फडकं फिरवलं, तळपायाला टिचक्या मारायला लागली आणि मला म्हणाली, हिच्या मायला आणा, पळा.

तिची आई पाटलाच्या रानात वेचणीला होती, कोसभर लांब. मी धापा टाकत पोचलो तर पाटील बांधावर उभे. मी सांगितलं, पोरगी मरून राहिलीय. ते म्हणाले, वेचायला धरलेल्या ओळींची पात अर्धी टाकून बाई गेली तर उद्या तिनं यायचं कारण नाही. बाईनं ऐकलं, ओटीतला कापूस तिथंच सोडला आणि धावत सुटली. मी मागून धावत होतो आणि तोंड चालूच होतं. सगळं पत्रक तिला पाठीमागून ऐकवलं. वैरीणसुद्धा म्हणालो. तिनं मागं वळून पाहिलं नाही.

पोरीनं डोळे उघडले तेव्हा उन्हं कलली होती. तोवर म्हातारी तिला खांद्यावर घेऊन चालतच होती, एकदाही बसली नाही. आईनं पोरीला छातीशी लावलं तेव्हा मला दिसलं की तिची चोळी दुधानं पार भिजलेली होती.

"सकाळपासून भरून दुखून राहिलंय, मास्तर," ती म्हणाली. "पाजायला येऊ कशी? कोसभर जाणं, कोसभर येणं. भुकेनं रडून गळा बसण्यापरीस निजलेलं बरं. मी काहून देते गोळी, ते इचारलं व्हतं का तुमी?"

नव्हतं विचारलं.

म्हातारीनं दुसऱ्याच दिवशी सांगितलं की पडवी बंद करा, झोळ्या रानात न्या. मी पाटलांकडे गेलो. ते म्हणाले, "आज झोळी बांधता, उद्या पलंग मागाल." दोन लहान शेतकऱ्यांनी मात्र बांधावरची लिंबाखालची जागा दिली आणि दिवसातून दोनदा बायांना पाजायला सोडलं. तिथली लेकरं इतकी रडायची की बैल बुजायचे. गोळी आपसूक सुटली. पाटलानं त्या बाईला पुन्हा कामावर घेतलं नाही. ती या बांधावर आली. मी माफी मागायला गेलो तर म्हणाली, माफी राहू द्या, पोरगी धरा जरा, मला पाणी प्यायचंय.

आता निजाम गेला. गावोगाव सभा होतात आणि मातांनी कसं वागावं यावर अजूनही माझ्यासारखेच कुणीतरी बोलतात. पाटलांच्या रानात अजून झोळी नाही. म्हणून हे वाचणाऱ्यांत ज्याचं रान आहे त्याला सांगतो. तुमच्याकडं वेचणीला बाया येतात त्यांना लेकरं सोबत आणायला सांगा. बांधावर सावली करा, एका म्हातारीला रोजानं बसवा, आणि लेकरू रडलं की त्याच्या आईला सोडा, पात अर्धी असली तरी.