मागच्या ट्रॉलीचा हेवा

दिवाळी सरली की आष्टीजवळच्या आमच्या गावातून ऊसतोडीचे ट्रॅक्टर निघायचे. एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या. त्यांत भांडी, ज्वारीची पोती, शेळ्या आणि माणसं. त्या साली गावात टँकरसुद्धा धड येत नव्हता. माय, बाप आणि थोरला भाऊ, दादा, मागच्या ट्रॉलीत चढले. मला शाळेसाठी मावशीकडे ठेवलं होतं. "तुझं बरं हाय," दादा वरून ओरडला. लोक विचारतात, घर कधी सोडलंस? मी सोडलंच नाही. घरच मला मावशीच्या दारात उभं करून निघून गेलं.

दादाची शाळा तिथंच सुटली. माझी चालत राहिली, थेट टेक्सासपर्यंत. आणि तरी इतकी वर्षं मी त्याचाच हेवा करत आलोय. हे सांगायचं कुणाला? ज्याची शाळा बुडवून आपण शिकलो, त्याचा हेवा? पण सहकारी कारखान्याच्या उसात, पाचटाच्या झोपडीत, कोपीत, तो मायच्या पाठीला पाठ लावून झोपायचा. मी ओसरीवर एकटा.

यंदा मायचा व्हिसा झाला. तिला हिंडवायचं म्हणून मी ट्रेलर घेतला. आत पलंग, शेगडी, संडाससुद्धा. पहिल्याच फेरीत हायवेवर शेजारून मोठा ट्रक गेला आणि मागं ट्रेलर असा डोलू लागला की स्टिअरिंग हातात राहीना. मग हे डोलणं आवरणारा हिच, म्हणजे गाडीला ट्रेलर जोडायचा आकडा, शोधत दुकानाच्या चकरा सुरू झाल्या. एक साधा, बाजूच्या दांड्याच्या घर्षणानं डोलणं कमी करणारा. दुसरा भारीचा, दोन स्प्रिंगच्या दांड्यांचा. तो ओझंही गाडीच्या पुढच्या चाकांवर वाटून देतो. बायको म्हणाली, "घ्या ना तो भारीचा, मिटवा एकदाचं." मला दादाला विचारायचं होतं. खरं म्हणजे, दाखवायचं होतं.

दादा आता स्वतःच्या ट्रॅक्टरनं ऊस वाहतो. व्हिडिओवर हसत सुटला. "एकच डबा हाय बे तुझ्या मागं, अन् त्यालाबी कंट्रोल? आमी दोन वढतो, वर ऊस!" मग म्हणाला, "भारीचाच घे. माय बसायची हाय."

मायनं फोन ओढून घेतला. "कावून रे, एवढं घर असून ट्रॉलीत राहतूस? आमचा जल्म गेला तिच्यातनं उतरायला."

"तू ये तर खरं, माय."

"औंदा पाणी न्हाई. ह्याची बायको तोडीला जाईल, मग तिथं कोपीवर लेकरं कुणी बघायची? तू हायेस की सुखात."

दादाची लेकरं. दादाची कोपी. मी भारीचाच हिच बसवून घेतला. ट्रेलर दारात उभा आहे.

गेल्या आठवड्यात पुतण्यानं व्हिडिओ पाठवला. तोडीला निघालेल्या दादाच्या ट्रॅक्टरची मागची ट्रॉली वळणावर डोलतेय. माय कडेची फळी धरून बसलीय, मांडीवर दादाची धाकटी पोर, आणि दोघी कशावर तरी लई हसतायत.

तुम्ही मागं राहिलेले, तुम्ही माझ्यासारखे निघालेले, दोघांनाही आज सरळ सांगतो. माझं घर गावात नाही, इथंही नाही. ते दरसाल दिवाळीनंतर रस्त्याला लागतं. डोलती ट्रॉली पाहून मला भीती वाटायला हवी होती. हिच शोधताना महिनाभर मी डोलून उलटलेल्या ट्रेलरांखेरीज दुसरं वाचलंच काय होतं? वाटली, पण मागून. आधी त्या पोरीचा हेवा वाटला.