रंध्याखालचं झाड

बाबा कारखान्यात सुतार होते. साहेबांच्या बंगल्यांतल्या महोगनीच्या टेबलांवर रंधा मारण्यात त्यांची अर्धी नोकरी गेली. एका रविवारी ते मला जबलपुरातली इंग्रजांच्या काळातली बाग दाखवायला घेऊन गेले. मला नर्मदेच्या ग्वारीघाटावर नावेत बसायचं होतं, म्हणून मी तोंड फुगवूनच चालत होतो.

एका झाडापाशी बाबा थबकले. मान मागे टाकूनही त्याचा शेंडा दिसत नव्हता. पाटीवर लिहिलं होतं, ‘महोगनी’.

“बाबा, चलो ना!” मी वैतागलो.

“थांब ना रे. इतकी वर्षं याच्यावर रंधा मारून राहिलो, पण हे उभं असं कधी पाह्यलंच नाही. याला पानं असतात, हे डोक्यातच नाही आलं.”

तेवढ्यात उंचावरून पंखाची एक बी गरगरत खाली आली. ती बघता बघता मी रुसायचं विसरलो.

फळी पारखताना ठोकायचे तसं बाबांनी सवयीनं खोडावर बोट वाकवून ठोकलं. मग एकदम दचकले आणि मी पडल्यावर माझा गुडघा चोळायचे, तशी ती जागा हलकेच चोळू लागले.