मावळतीच्या आधीची गोळी

शैलजा सांगलीत डॉक्टर आहे आणि माझी कॉलेजपासूनची मैत्रीण. जानेवारीत तिचा फोन आला. "वारणेकाठच्या एका गावात मधुमेहाच्या पेशंटांची बैठक घेतेय. बहुतेक घरं जैनांची आहेत. औषधांचं मी सांगते, खाण्यापिण्याचं तू सांग." मी साताऱ्यात आहारतज्ज्ञ. कामाला काम आणि वर सांगलीची भेळ, म्हणून लगेच हो म्हटलं.

शनिवारी सकाळी गाडी काढली. ज्यांना एसटीनं जायचंय त्यांनी खुशाल जावं, बायकांना अर्धं तिकीट आहे. हायवेला कामं चालू आहेत, डायव्हर्जन संपता संपत नाहीत, त्यामुळे उंब्रजला चहाला थांबलात तर पुढे चिडचिड कमी होते. कराड मागे टाकून पेठ नाक्याला डावीकडे वळलं की आष्ट्यामार्गे सांगली. कारखाने चालू असल्यानं उसाच्या ट्रॉल्या रस्ताभर. एकीच्या मागून दुसरी निघते, ओव्हरटेकची घाई करू नका.

सांगलीत शैलजाला घेतलं आणि अर्ध्या तासात गावात पोचलो. बैठक बस्तीशेजारच्या हॉलमध्ये होती. इकडे जैन मंदिराला बस्ती म्हणतात. मी उत्साहानं माझा तक्ता वाचायला लागले: सकाळी मोड आलेली मटकी, दुपारी गाजर-मुळ्याची कोशिंबीर आणि ताक, रात्री साडेआठला हलकं जेवण, झोपताना कपभर दूध.

सगळे सभ्यपणे ऐकत होते. तेवढ्यात पुढच्या रांगेतली एक बाई पदर तोंडाला लावून हसली. साठीच्या असतील. त्या सुमनआक्का.

"ताई, तक्ता लय झाक हाय," त्या म्हणाल्या. "पर त्यातलं ताक तेवढं मला चालतंय बघा."

हॉल हसला, मीही हसले. पण कान तापले होते. कंदमुळं त्या खात नाहीत, मोड आलेलं कडधान्य त्यांच्या घरात चालत नाही, आणि रात्रीचं जेवण तर नाहीच. सूर्य मावळला की पाण्याचा थेंबही नाही. एका मुनींसमोर त्यांनी तसं व्रत घेतलेलं. काही घरांत कांदा चालतो, काहींत चालत नाही. म्हणजे 'जैन' एवढं कळूनही भागत नाही, घर विचारावं लागतं.

हसणं थांबायच्या आत मागून त्यांचे यजमान उठले. भूपालअण्णा, द्राक्षबागायतदार, उंचापुरा माणूस.

"डॉक्टर, हिला रातचं घाम फुटतोय. हात कापत्यात. मी गूळ तोंडाला लावला की दात घट्ट मिटून घेती. काय करू, सांगा."

"आवं, बसा की खाली," आक्का पुटपुटल्या. "घरातलं चारचौघांत कशाला?"

"मग कवा सांगू? तू गेल्यावर?"

घाम, थरथर ही साखर उतरल्याची लक्षणं. रात्री साखर इतकी उतरणं म्हणजे सकाळी माणूस उठेलच याची खात्री नाही.

शैलजा त्यांच्याजवळ जाऊन बसली. "आक्का, हे आधीच्या डॉक्टरांना सांगितलं होतं?"

"न्हाई. म्या नेमाचं बोलले तवा ते हसले. म्हनले, देव काय उपाशी ऱ्हा म्हनतोय व्हय? मग म्या बोलायचंच सोडलं. तुमीबी तेच म्हननार."

"मी नाही म्हणणार. गोळ्या कधी घेता ते सांगा."

मग उलगडा झाला. एक गोळी रात्री जेवणाआधीची, दुसरी झोपतानाची. मावळतीनंतर काही घ्यायचं नाही, म्हणून आक्का दोन्ही गोळ्या उन्हं असतानाच एकदम गिळायच्या. वर 'रात्री हलकं जेवा' हा कुणीतरी दिलेला सल्ला पाळून अर्धीच भाकरी. मग दुसऱ्या दिवशी बस्तीत दर्शन होईपर्यंत पोटात काही नाही. सगळ्यांचं सगळं ऐकून बाई मरणाच्या दारात चालली होती! माझ्या तक्त्यातही तेच 'हलकं' होतं. मी तो घडी घालून पर्समध्ये टाकला.

शैलजानं झोपतानाची गोळी बंद केली, पहिलीचा डोस कमी करून ती मावळतीच्या जेवणाआधी ठेवली. ते जेवण भरभक्कम करायचं काम माझ्याकडे आलं. पण तरीही साखर उतरली तर काय, हा प्रश्न उरलाच. त्यावर आक्का एकच म्हणाल्या, "नेम मोडनार न्हाई."

"मोडू नका," शैलजा म्हणाली. "पण विचारू तर या."

बस्तीत तेव्हा एक माताजी, म्हणजे जैन साध्वी, मुक्कामाला होत्या. आम्ही त्यांच्याकडे गेलो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "व्रत घेताना औषधाची सूट ठेवली होती का?"

"न्हाई जी. तवा धडधाकट व्हते."

"मग आता ठेवा. भूक लागली म्हणून नाही, जीव घाबरा झाला तर औषध म्हणून. त्यानं व्रत मोडत नाही."

आक्कांनी हात जोडले. अण्णा खांबाआड जाऊन उपरण्यानं डोळे पुसत राहिले. इतर घरांनी आपापल्या गुरूंना विचारावं, असं माताजींनीच सांगितलं.

आक्कांकडे जेवूनच निघालो. ऊन अंगणात होतं. ज्वारीची भाकरी, तुरीची आमटी, दोडक्याची भाजी, शेंगदाण्याची चटणी, दही. आक्कांनी आधी गोळी घेतली, मग दोन भाकरी खाल्ल्या. अण्णांनी मला खोलीत नेऊन आपल्या उशाखालची गुळाची डबी दाखवली. "हिला ठावं न्हाई," ते म्हणाले. बाहेरून आक्कांचा आवाज आला, "समदं ठावं हाय!"

रविवारी भेळ खाऊन, भडंगाच्या पिशव्या घेऊन साताऱ्याला परतले. भडंग आठवडाभरही टिकला नाही. तक्ते मात्र बदलले. आता पेशंट समोर बसला की आधी विचारते: तुमच्याकडे दिवसाचं शेवटचं जेवण कधी असतं, आणि काय अजिबात चालत नाही?

मध्यंतरी आक्कांचा फोन आला. साखर बरी आहे, रात्रीचा घाम थांबलाय.

"आणि अण्णा?"

"घोरत्यात! आदी रातभर माझ्या कपाळाला हात लावून बसायचे."

"गुळाची डबी आहे ना अजून?"

"हाय की. त्यांच्या उशाखालनं काढली आन् माझ्या उशाला ठेवली. अजून उघडाय लागली न्हाई. पर लागली तर तोंड उघडीन, ताई."