गाडीची रबरं आणि कोक ओव्हनचा माणूस

सनरूफवाली गाडी घ्यायचं मी ठरवलं तेव्हा घरातलं एकही माणूस माझ्या बाजूनं नव्हतं. घरात माणसं तीनच, त्यातली एक मी. आईचं म्हणणं असं, की भिलाईत वर्षातले आठ महिने ऊन चुकवण्यात जातात आणि छताला मुद्दाम भोक पाडून ते आत घेणारी तूच पहिली. बाबांनी उन्हाचा विषयच काढला नाही. त्यांनी गाडीभोवती एक चक्कर मारली, चपला काढून दाराच्या पट्टीवर चढले, छतावरच्या काचेच्या कडेकडेनं बोट फिरवलं आणि म्हणाले, "हे गळन एक दिवस."

मी अर्थातच चिडले. दुर्गच्या कॉलेजात शिकवायला रोज जाणारी मी, बसला लोंबकळून कंटाळले होते, आणि कुणाची तरी वापरलेली का होईना, पहिली गाडी दारात उभी होती. पेढे वाटायच्या आधीच बाबांनी ती गळकी ठरवली.

पण बाबांच्या तोंडी गळणं हा साधा शब्द नव्हता. भंडाऱ्याकडच्या शेतकरी घरातून ते विशीत इकडे आले आणि नोकरीची सगळी वर्षं भिलाईच्या स्टील प्लांटमध्ये कोक ओव्हनला, दारांच्या कामावर राहिले. कोक ओव्हन म्हणजे कोळसा भाजायच्या भट्ट्यांची लांबच लांब रांग. प्रत्येक भट्टीला दोन्ही बाजूंनी उंचच उंच लोखंडी दार. दार नीट बसलं नाही तर फटीतून पिवळा धूर निघतो. दारावर साचलेलं डांबर खरवडायचं, चौकट साफ करायची, आणि जुन्या दारांच्या फटी ओल्या मातीनं लिंपून टाकायच्या, हे बाबांचं काम. ती माती त्यांच्या नखांत कायमची राहायला आली होती. घरात नळ टपकला, कुकर फुसफुसला, सायकलच्या चाकातली हवा गेली, तरी त्यांचा एकच शब्द, लीक. शिवी द्यावी तसा तो उच्चारायचे. लहानपणी माझं नाक वाहायला लागलं की आईला सांगायचे, हिचं लीक बंद कर आधी.

असा माणूस रिटायर झाला आणि त्याला बंद करायला काही उरलं नाही. ते पहिलं वर्ष मला आठवलं तरी नको वाटतं. सकाळच्या शिफ्टच्या वेळेला उठायचे, दाढी करायचे, बूट घालायचे आणि पुढच्या खोलीत खुर्चीवर बसून राहायचे. कुठे निघालात म्हणून विचारलं तर म्हणायचे, कुठी नाही. बोलणं इतकं कमी झालं की आई जेवताना मुद्दाम भाजीत मीठ कमी टाकायला लागली, निदान तेवढं तरी बोलतील म्हणून. तेही निमूटपणे खाऊन उठायचे.

तर गाडीनं त्यांना पुन्हा बोलतं केलं, हे मला कबूल करावंच लागेल. पहिल्याच रविवारी ते एक बादली, दोन फडकी आणि जुना दाढीचा ब्रश घेऊन बाहेर आले. चारही दारं सताड उघडली. दाराच्या कडेनं जे काळं रबर असतं, ज्याला इकडचे मेकॅनिक बीडिंग म्हणतात, ते साबणाच्या पाण्यानं वीतवीतभर पुसलं. प्लांटची धूळ आपल्या जिवाला सवयीची, पण रबराला ती कानशीसारखी घासते, हे मला त्या दिवशी समजलं. पुसून झालं की सावलीत वाळू द्यायचं, मग बोटाच्या टोकावर एवढंसं सिलिकॉन ग्रीस घेऊन चोळायचं. साधं ग्रीस चालणार नाही, त्यानं रबर फुगतं, हे ते आल्यागेल्याला सांगायचे. शेजारी दूध घेऊन चालले असले तरी थांबवून सांगायचे.

मग कागदाची परीक्षा. वर्तमानपत्राची पट्टी दारात धरायची, दार लावायचं आणि पट्टी ओढून बघायची. पट्टी अडकली तर रबर ठीक, सुळकन निघाली तर तिथं ते थकलं. बाबा दर चार बोटांवर पट्टी ओढत आणि प्रत्येक वेळी एकटेच मान हलवत. मला हसू यायचं आणि बरंही वाटायचं. रविवारी भाजी खारट झाली तर ते आता आपणहून सांगायला लागले होते.

सनरूफचं रबर मात्र ते सगळ्यांत शेवटी घ्यायचे, देवघरात शिरावं तसे. काच मागे सरकवायची, स्टुलावर चढायचं, ब्रशनं कडुलिंबाची बारीक पानं काढायची. अशाच एका जानेवारीतल्या रविवारी त्यांना काचेखालच्या पन्हळीत, समोरच्या दोन्ही कोपऱ्यांत, एकेक भोक दिसलं. करंगळी जेमतेम शिरेल एवढं. माझ्याशी बोलले नाहीत, आईशीही नाही. घरात नळासाठी आणलेली ती दोन रंगांची पुट्टी होती, मळून एक करायची असते ती. त्यांनी ती मळली आणि दोन्ही भोकं पक्की बुजवून टाकली. संध्याकाळी चहा पिताना नुसतं म्हणाले, आज काम झालं.

पुढच्याच आठवड्यात आम्ही तिघं उतईला मावशीकडे हळदीकुंकवाला निघालो. पहाटेपासून अवेळी पाऊस लागून राहिला होता, नुकताच थांबला होता. आई मागे, रेशमी साडीत, मांडीवर तिळाच्या वड्यांचा डबा. बाबा माझ्या शेजारी, इस्त्रीचा पांढरा शर्ट, केसांना तेल. वाटेत ते आईला मान वळवून समजावत होते, की इतका पाऊस झाला पण आत एक थेंब नाही, याला म्हणतात मेंटेनन्स. तेवढ्यात एक म्हैस रस्त्यात आली आणि मी ब्रेक दाबला.

छतात साचलेलं सगळं पाणी एकदम पुढे आलं. वरच्या दिव्याच्या फटीतून धार लागली ती थेट बाबांच्या डोक्यावर. तांब्याभर तरी असेल. केसांचं तेल आणि छतातली धूळ घेऊन ते पांढऱ्या शर्टावरून खाली गेलं. म्हैस आरामात निघून गेली. आई मागे कोरडी ठणठणीत, आणि ती जी हसत सुटली ती उतई येईपर्यंत थांबली नाही. हळदीकुंकवाला आलेल्या साऱ्या बायकांना तिनं तो प्रसंग म्हशीच्या अभिनयासकट करून दाखवला. बाबा मावसोबांचा शर्ट घालून कोपऱ्यात बसले होते. तेही थोडे हसले, पण त्यांचे डोळे सारखे बाहेर गाडीकडे जात होते.

दुसऱ्या दिवशी बाबांनी आणि मी गाडी खुर्सीपारच्या गॅरेजमध्ये नेली. तिथले मेकॅनिक वयानं बाबांएवढेच, सावकाश बोलणारे. त्यांनी काच मागे घेतली, आत टॉर्च मारला, आणि हिंदीत समजावून सांगायला लागले. सनरूफच्या रबरातून थोडं पाणी आत येणारच, ते तसंच बनवलेलं असतं. आलेलं पाणी पन्हळीत पडतं आणि कोपऱ्यातल्या भोकांतून, खांबातल्या नळीवाटे, चाकापाशी खाली गळून जातं. समोरची दोन भोकं कुणीतरी बुजवली आहेत. मागची हाताला लागली नसतील म्हणून वाचली. मग त्यांनी मला वाकून बघायला सांगितलं. वाळलेल्या पुट्टीवर अंगठ्याचा ठसा स्पष्ट उठला होता. काम फार सफाईचं आहे, असंही ते म्हणाले, आणि मला वाटतं ते मनापासून म्हणाले.

कॉलेजला उशीर होत होता. रजा मिळाली नव्हती. सीट ओली, गाडीत कुबट वास. ही सगळी कारणं मी नंतर स्वतःला पुष्कळदा सांगितली. तेव्हा मी सगळ्यांदेखत बोलले ते एवढंच, "बाबा, हे तुमचं कोक ओव्हन नाही. जे समजत नाही त्याले हात कावून लावता?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं नाही. मेकॅनिकना म्हणाले, "मैंने बंद किया. गलती मेरी है." आणि बाकावर जाऊन बसले. पुट्टी दगडासारखी झाली होती. ती कोरून काढायला मेकॅनिकना अर्धा दिवस लागला, आणि बाबा तो अर्धा दिवस तिथेच बसून होते. मी रिक्षानं निघून गेले होते.

घरी आल्यावर त्यांनी गाडीची दुसरी चावी फ्रिजवर ठेवली. फडकी धुऊन, घडी करून, ग्रीसची ट्यूब त्यात गुंडाळून माझ्या टेबलावर ठेवली. मी म्हटलं, बाबा, मी रागात बोलले, चुकलं माझं. त्यावर ते शांतपणे म्हणाले, नाही, तू बरोबर बोलली. त्यापेक्षा ते माझ्याशी भांडले असते तर बरं झालं असतं.

त्या रविवारी ते बाहेर आले नाहीत. पुढच्याही नाही. तिसऱ्या सोमवारी सकाळी मी उठले तर पुढच्या खोलीत खुर्चीवर बसलेले, दाढी केलेली, पायात बूट.  एवढ्या मुश्किलीनं घरात परत आलेला माणूस मी एका वाक्यात पुन्हा घालवला होता. आईनं मला काही ऐकवलं नाही, फक्त त्या दिवशी भाजीत मीठ टाकलं नाही, आणि आम्ही तिघांनीही ती भाजी मुकाट्यानं खाल्ली.

कसं समजवावं ते सुचेना. वर्गात साठ पोरांना तासभर गप्प बसवणारी मी, घरात एका माणसाला बोलतं करू शकत नव्हते. इकडे गाडीची दारं कुरकुरायला लागली होती. शेवटी त्यानंतरच्या रविवारी मीच फडकं घेऊन बाहेर गेले. कुणी म्हणेल ही युक्ती होती. युक्ती नव्हती. मला खरंच वाटत होतं की हे काम मला जमेल. एवढे रविवार मी खिडकीतून बघितलेलं होतं.

मी ट्यूब पिळली आणि पोळीला तूप लावावं तसं रबराला ग्रीस लावत सुटले. एक दार झालं, दुसरं झालं. कोपर काळं झालं. तिसऱ्या दाराशी मागून आवाज आला.

"धूळ पुसली का आधी?"

मी म्हटलं, नाही.

"मंग काय चिखल करून राहिली का?"

बाबा पायरीवर उभे होते, बनियनवर, पायात बूट. चिडलेले होते, आणि त्यांना चिडलेलं बघून मला इतका आनंद झाला की मी फडकं हातात धरून तशीच उभी राहिले. त्यांनी ते हातातून ओढून घेतलं. दोन्ही दारांचं ग्रीस पुसून काढलं, बादली मागितली, साबण मागितला, आणि पुढचा तासभर मी बादली भरण्यापुरती उरले. पट्टी ओढायचं काम मात्र मला दिलं. मी ओढायची, ते मान हलवायचे.

मग काच मागे सरकवून ते स्टुलावर चढले आणि त्या कोपऱ्याकडे बराच वेळ बघत राहिले. मी खालून म्हटलं, "बाबा, त्या दिवशी सगळ्यांसमोर मी तसं बोलायले नको होतं." ते खाली उतरले, आतून एक रिकामं पोतं आणि स्टीलचा पेला घेऊन आले. पोतं पुढच्या चाकाजवळ अंथरलं. गुडघा धरत, कण्हत, त्यावर पाठ टेकून आडवे झाले आणि डोकं गाडीखाली घातलं.

"कोपऱ्यात टाक पाणी," ते खालून म्हणाले. "हळू टाक. सगळं एकदम नको."

मी स्टुलावर चढले आणि बारीक धार सोडली. पाणी पन्हळीत वळलं, भोकाशी गोल फिरलं आणि आत गेलं. खालून काहीच आवाज नाही. मी वाट बघत राहिले. मला वरून फक्त त्यांचे बूट दिसत होते, जुने, प्लांटचे, आणि ते हलत नव्हते. नळी पुन्हा तुंबली असली तर, एवढाच विचार माझ्या डोक्यात होता, आणि मी पेला दोन्ही हातांनी धरला होता.

मग बुटांची टोकं हलली.

"लीक आहे," गाडीखालून बाबा म्हणाले. मी जन्मल्यापासून तो शब्द ऐकत आले होते, पण असा खुशीत कधी ऐकला नव्हता. "एकदम बरोबर लीक आहे. चाल, आता दुसऱ्या बाजूनं टाक."

मी डोळे पुसले आणि पेला भरायला गेले.