स्वयंभू, वजन दोन किलो

माझ्या हातून आयुष्यात गाढवपणा पुष्कळ झाला, पण देव एकच झाला. पंचवटीतल्या एका गल्लीत, भिंतीच्या कोपऱ्यात, मी एका दगडाला शेंदूर फासून ठेवला. इथवर ठीक होतं. पुढं मी त्याच दगडाला नवस बोलले. आणि तो फेडायला गेले तेव्हा त्या दगडाच्या दारातून मला बाहेर काढलं. माझ्या दगडाच्या.

हसा. मीही हसते. तेव्हाची मी आठवली की वाटतं, पुढ्यात असती तर एक टपली हाणली असती.

तेव्हा पोरगी लहान होती. पहाटे मार्केटात मेथी-कोथिंबीर घ्यायची, पाटी डोक्यावर, पोरगी कडेवर, आणि त्या भिंतीला टेकून बसायचं. भिंत अण्णांची. अण्णा म्हणजे गल्लीतले किराणा दुकानवाले, चार लोकांत शब्दाला वजन असलेले. मला बसू देतात म्हणून रोज एक जुडी त्यांच्या घरी जायची. माझ्या हातून घ्यायचे. बोटाला बोट लागायचं, काही बिघडायचं नाही. मी वस्तीतली आहे हे त्यांना माहीत होतं. पण मेथीला बहुतेक विटाळ होत नसावा.

माझा नवरा एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात राखेच्या कामावर होता. लोखंडी वजनं घ्यायची ऐपत नव्हती, म्हणून त्यानं एक काळा दगड छिन्नीनं ठोकून ठोकून बरोबर दोन किलोचा केला होता. ओळखू यावा म्हणून खालच्या अंगाला दोन रेघा कोरल्या. पुढं वजनमापवाले साहेब आले, दगडाचं वजन चालणार नाही म्हणाले. मग उधारउसनवार करून लोखंडाचं घेतलं. दगड बिनकामाचा झाला.

त्या भिंतीला एकच त्रास होता. पुरुषमाणसं तिथं उभी राहून मुतायची. मी बसलेली असताना. मेथीपासून दोन हातांवर. "मावशी, जरा तिकडं बघ," असं सांगून. मी तोंड फिरवायचे. ओघळ पाटीखाली येऊ नये म्हणून पोत्याचा बांध घालायचे. मला तो अपमान वाटायचाच नाही, धंद्यातला ताप वाटायचा. इतकी शहाणी.

शेजारी पूजेचं सामान विकणारी बाई बसायची. तिच्याकडून शेंदराची पुडी घेतली, तेल घरचं. एका पहाटे, गल्लीत चिटपाखरू नसताना, दगड कोपऱ्यात बसवला. रेघा खाली. शेंदूर फासला, वर झेंडूचं फूल. घरी बोलले नाही. बोलणार कशी? माझ्या सासऱ्यांनी घरातले सगळे देव टोपलीत भरून गोदावरीत सोडले होते. घरात बुद्धाच्या तसबिरीशिवाय काही नव्हतं. याच पंचवटीत देवळाचं दार उघडावं म्हणून आमच्या म्हाताऱ्यांनी मार खाल्ला, दार उघडलं नाही, तेव्हा त्यांनी तो देवच सोडून दिला. आणि सून बघा. भिंतीला नवा आणून लावते.

पहिला आला तो एक रिक्षावाला. नेहमीचा. घाईत आला, भिंतीकडं तोंड केलं आणि शेंदूर दिसला. पॅन्टकडं निघालेला हात तसाच वर गेला नि कपाळाला लागला. चपला काढल्या. पाया पडला. मी मेथीत तोंड खुपसून हसले. वाटलं, जिंकले.

त्याला पाया पडताना पाहून मागचा पडला. त्याला पाहून तिसरा. संध्याकाळी कोणीतरी उदबत्ती लावून गेलं. काही दिवसांनी चांदीचे डोळे बसले. डोळे बसेपर्यंत तो मारुती होता असं काही जण म्हणायचे, डोळे बसल्यावर आई झाली. भिंतीतली आई. अण्णांनी आधी वर पत्रा टाकला, मग फरशी, मग लोखंडी जाळी आणि दार. मंडळ झालं, अण्णा अध्यक्ष. बोर्ड लागला, "स्वयंभू जागृत देवस्थान". स्वयंभू म्हणजे काय, असं मी शेजारच्या बाईला विचारलं. ती म्हणाली, आपोआप वर आलेली, जमिनीतून.

तिचाच शेंदूर.

हे सगळं माझ्या डोळ्यांदेखत झालं. तरी पुढचं ऐका. पोरीला टायफॉइड झाला. सरकारी दवाखान्यात घातली. डॉक्टरीणबाईंनी सलाइन लावली, सासू तिच्या उशाशी बसून असायची. मी सकाळी धंद्यावर यायचे, कारण न येऊन चालणार नव्हतं. आणि बसल्या बसल्या रांगेकडं बघायचे. मंगळवारी ती कोपऱ्याला वळसा घालायची. चांगली शिकलेली माणसं. ओझरच्या विमानाच्या कारखान्यातले लोक बायकोला स्कूटरवर घेऊन आलेले. मला वाटायला लागलं, एवढी माणसं येतात, ती काय सगळी वेडी आहेत? माझंच चुकत असेल. दगड मी ठेवला, पण ठेवायची बुद्धी मला कोणी दिली?

बघा कशी गुंडाळली मी स्वतःला. शेंदूर फासलेलं बोट माझं. दगड घडवणारा नवरा माझा. तरी रांग बघितली आणि माझ्या हातावरचा माझाच भरवसा उडाला. डोळे मिटून म्हटलं, पोरगी उठू दे, खणानारळानं ओटी भरीन.

पोरगी उठली. डॉक्टरीणबाईंना मी साधी कोथिंबिरीची काडी दिली नाही. नारळ घेतला तो दगडासाठी.

मंगळवार होता. पोरीला नवा फ्रॉक घातला, रांगेत उभी राहिले. जाळीच्या दारात अण्णा, कपाळाला गंध, हातात तांब्या. माझी पाळी आली तसे म्हणाले, "मावशी, तुम्ही बाहेरूनच."

मी सांगितलं, नवस आहे, ओटी भरायची आहे.

"तुमच्यात तर देव मानत नाहीत ना? मग आत कशाला?"

हळू नाही बोलले. रांगेला ऐकू जाईल असं, हसून. रांगही हसली. नारळ खाली ठेवायला सांगितला. ठेवला. त्यांनी तांब्यातलं पाणी नारळावर शिंपडलं, खणावर शिंपडलं, मग उचललं. सकाळीच माझ्या हातून त्यांनी मेथीची जुडी घेतली होती. तिच्यावरही पाणी शिंपडलेलं होतं. पण ते मी, ताजी दिसावी म्हणून.

पोरीनं पदर ओढला. "आई, आपला नारळ का धुतला? घाण होता?"

मागून एक बाई म्हणाली की पुढं सरका, आमचा खोळंबा होतोय. आणि मला काय झालं कुणास ठाऊक. अंग थरथरायला लागलं. अंबाडा सुटला. मी ओरडले, "हा दगड माझा आहे. माझ्या नवऱ्यानं घडवलाय. दोन किलोचा आहे. उलटा करून बघा, खाली दोन रेघा आहेत."

मग जिचा खोळंबा होत होता तिनंच हात जोडले. म्हणाली, "आई आली. हिच्या अंगात आली."

खरं सांगते, मला आधी कळलंच नाही कोणाबद्दल चाललंय. कोणीतरी माझ्या पायावर पाणी ओतलं. कोणी कुंकू लावलं, माझ्या नाकावर सांडलं. रांग दुभंगली. अण्णांनी तांब्या बाजूला ठेवला, दारातून सरकले आणि माझ्या पायावर डोकं ठेवलं. माझ्या. "आई, काय चुकलं आमचं?"

वाट मोकळी. दार उघडं. समोर माझा दगड, चांदीच्या डोळ्यांनी बघतोय. मला काहीच करायचं नव्हतं. डोकं घुमवायचं, एक हुंकार द्यायचा. आत गेले असते. ओटी भरली असती. भिंतीपासून मला कोणी कधी उठवलं नसतं. आज माझाच मठ असता, आणि हे सांगायच्या ऐवजी मी गादीवर बसून अंगारा वाटत असते. मोह झाला नाही असं म्हणणार नाही. झाला. चांगला झाला.

पण खाली पोरगी बघत होती. भेदरून. आपली आई कुठं गेली, असं तिच्या तोंडावर होतं. आणि माझ्या टाळक्यात उजेड पडला. ही वाट मला नव्हतीच. माझ्या अंगात नसलेल्या कोणा बाईला होती. मी खरी असले तर माझ्या नारळावर पाणी, आणि खोटी झाले तर माझ्या पायावर पाणी.

मी केस बांधले. नाकावरचं कुंकू पुसलं. म्हटलं, "माझ्या अंगात कोणी आलेलं नाही. मीच आहे, मेथीवाली. शुद्धीवर आहे आणि सांगतेय. दगड माझा आहे."

रांग परत जुळली. पटकन. अण्णा उठून गुडघे झटकायला लागले. ज्या बायकांनी पाय धुतले त्यांनीच मला दंडाला धरून मागं लोटलं. पोरगी पडली, तिचा गुडघा फुटला. कोणीतरी म्हणालं, माजलेत.

दुपारी गल्ली थंड झाल्यावर अण्णा माझ्यापाशी आले. कोणी ऐकत नाही असं बघून हळू बोलले. "मावशी, दगड तुमचा असेल. मी पाहिलाय तो तुमच्या तागडीत. पण आता एवढी माणसं येतात, ती काय सगळी वेडी आहेत?"

माझंच वाक्य. जसंच्या तसं. माझ्या तोंडावर. आणि जाता जाता सांगून गेले की उद्यापासून इथं बसू नका, रांगेला जागा लागते.

म्हणजे त्यांना माहीत होतं. पहिल्या दिवसापासून.

त्या प्रश्नाचं उत्तर आज देते, कोणी ऐकत नाही ते सोडा. वेडी नाहीत हो. जो तो पुढच्याची पाठ बघून उभा आहे. त्या पाठी धरत धरत पुढं जा. शेवटी एक रिक्षावाला सापडेल, आणि त्याच्या पुढं मी. आणि मी तर मुतारी बंद करायला निघाले होते. मधली सगळी माणसं एकमेकांचा पुरावा. दगडाचा पुरावा एकाकडंही नाही. आख्ख्या नाशिकनं मानलं तरी दोन किलोचा दगड अडीच किलोचा होत नाही.

आणि मानण्याचंच म्हणाल तर, आम्ही शिवून घ्यायच्या लायकीचे नाही हेही सगळे मानत होते. गावंच्या गावं. पिढ्यान्‌पिढ्या. शिकलेले, सवरलेले, दानधर्म करणारे. आमच्यातलेही कितीतरी मानत होते, माझ्यासारखेच, रांग बघून. एवढी माणसं. म्हणून ते खरं होतं का? मग अण्णांचा तांब्याही खरा म्हणायचा, आणि माझ्या पोरीला सांगायचं की हो बाळा, नारळ घाण होता.

सासऱ्यांनी नदीत काय सोडलं होतं ते मला त्या दुपारी कळलं. त्यांनी रांग सोडली होती.

आता मी म्हातारी झाले. भिंतीच्या समोरच्या बाजूला बसते. अण्णा गेले, त्यांचा मुलगा अध्यक्ष आहे. दगड सिमेंटात पक्का केलाय, वर संगमरवर. परवा नातीनं मोबाइलवर रील दाखवली. माझा दगड, मागं गाणं, खाली नुसते जोडलेले हात. म्हणाली, आजी, बघ किती लोकांनी बघितलंय. मी विचारलं, कोणी उलटा करून बघितलाय का? ती हसली. मला हसू आलं नाही.

कारण खरा वैताग वेगळाच आहे. मी येईल त्याला सांगते, बाबा, तो दोन किलोचा दगड आहे, माझा आहे. आधी लोक चिडायचे, ते बरं होतं. हल्ली रिक्षावाले लांबून आलेल्यांना सांगतात की दर्शनाआधी समोरच्या म्हातारीला भेटा, आई तिच्या तोंडून भक्ताची परीक्षा घेते, तिचं ऐकून जो माघारी फिरतो तो नापास. माणसं येतात, माझं सगळं ऐकून घेतात, हात जोडतात आणि रांगेत जाऊन उभी राहतात. मागच्या मंगळवारी एकीनं माझ्या मेथीला हळदकुंकू वाहिलं. मी तिच्या अंगावर ओरडले, तर तिला फार समाधान वाटलं.

तरी सांगते. उद्याही सांगणार. शंभरातला एक जण थांबतो, डोकं खाजवतो, म्हणतो, खालच्या रेघा कुठल्या बाजूला आहेत म्हणालात? त्या एकासाठी घसा फोडते. आणि तोही नाही आला तरी फोडणार, कारण मी गप्प बसले की त्या गल्लीत खरं सांगणारं कोणी उरत नाही.

तुम्ही विचाराल, म्हातारे, एवढी जिद्द आली कुठून? माझी नाही ती. त्या संध्याकाळी घरी गेले. सासू पोरीच्या गुडघ्याला हळद लावत होती. मी सगळं सांगितलं, शेंदरापासून. नवसाचं सांगितलं तेव्हा तिचा हात थांबला. तिनं माझ्याकडं नुसतं बघितलं. मारलं असतं तर बरं वाटलं असतं. मी म्हटलं की आता त्या गल्लीत तोंड दाखवत नाही, नाशिकरोडला कुठंतरी जागा बघते. सासू अंगठाबहाद्दर, कमी बोलणारी. हळदीचा हात लुगड्याला पुसला आणि म्हणाली,

"कुठं जायचं नाय. समूरच बसायचं. तू करून ठेवलंय, तूच निस्तर. गिऱ्हाईक आलं की आधी दगडाचं खरं सांगायचं, मंग मेथीचा भाव. मेथी नाय घेतली तरी चालंल. पन खरं ऐकल्याबिगर कोनाला फुडं जाऊ द्यायचं नाय."